डोंगरातले भुंगेरे आणि लेकीचं करिअर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. डोंगरातल्या भुंगेऱ्यांचा डीएनए तपासून ते कुठून कुठे पसरले हे तिला शोधायचंय. ‘आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) सोंड्या भुंगा माड पोखरतो, त्याचा बंदोबस्त होत नाही आणि ही भुंगेऱ्यांतच आयुष्य घालवणार? त्यापेक्षा बी.एड. करू दे,’ असं त्या म्हणतात.

ताई, तुमची काळजी रास्त आहे. तरीही तिला आत्ताच बी.एड.कडे वळवू नका.

उंच डोंगरांवरच्या कित्येक भुंगेऱ्यांना उडताच येत नाही. पाठीवरची कठीण झाकणं जुळून गेलेली, आतले पंख उरलेलेच नाहीत. चोर्ला घाटात उभं राहिलं की समोरचा डोंगर हाकेच्या अंतरावर वाटतो. पण ओल्या पाचोळ्यात चालणाऱ्या अशा किड्याला मधली दरी समुद्रासारखी. मग दोन डोंगरांवरचे भुंगेरे दिसायला सारखे, आतून मात्र वेगळे होत जातात. ते ओळखायला भुंगेऱ्याचा एक पाय चिमट्याने काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, बाकीचा किडा टाचणीवर जपतात. त्या इवल्याशा पायातून मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचला जातो. हा डीएनए आईकडूनच येतो. कीटकांत त्यात दहा लाख वर्षांत ढोबळमानाने 2 टक्के फरक पडतो, त्यावरून ताटातूट कधी झाली याचा अंदाज बांधतात. पण नुसत्या आईकडच्या वंशावळीवर निवाडा करू नये, पेशीकेंद्रातल्या डीएनएतले मार्कर, म्हणजे ओळखखुणाही तपासाव्या लागतात. हे तिने सुरुवातीपासून ध्यानात ठेवावं.

आता पोटापाण्याचं. फक्त भुंगेऱ्यांसाठी कायमच्या जागा थोड्या, हे लपवत नाही. पण डीएनए काढणं, पीसीआर करणं (म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढणं) आणि आलेली माहिती संगणकावर उलगडणं जिला येतं, तिला शेतीतल्या किडींवरच्या संशोधनात, रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत, औषध कंपनीतही काम मिळू शकतं. म्हणून माझा आग्रह एकच: ‘आर’ किंवा पायथन ही संगणकाची भाषा आजपासून शिकायला लागू दे. प्राणिशास्त्राची मुलं नेमकी इथेच मागे पडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

एम.एस्सी. ताळगावला गोवा विद्यापीठात होईल. जॅम ही प्रवेशपरीक्षा दिली तर आयसरसारख्या विज्ञान संस्थांत इंटिग्रेटेड पीएच.डी.साठीही प्रयत्न करता येतो. पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा.

म्हादई अभयारण्यात वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलायचा नाही, हे तिला बजावून सांगा. त्यापेक्षा घरच्या अंगणात रात्री पांढरी चादर टांगून दिवा लावू दे. कुठला भुंगेरा आला, तारीख, वेळ, पाऊस होता का, सगळं वहीत नोंदवू दे. दोन महिन्यांची ती वही घेऊन ती प्राध्यापकांकडे गेली, तर प्रयोगशाळेत उमेदवारी मागताना हातात दाखवण्यासारखं काहीतरी असेल. मृगाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे दिव्यावर येतात. तेवढ्यात वही आणून ठेवा.