गिरकी ओळखायची तर आधी पाय बघा

प्रश्न : हिवाळी ऑलिम्पिकपासून आमच्या घरात फिगर स्केटिंग बघायचा नाद लागला आहे. उड्या थोड्याफार कळू लागल्या, पण स्पिन सगळ्या सारख्याच वाटतात. समालोचक दहा सेकंदांत कॅमल, डोनट, सिट, पॅनकेक अशी चार नावं घेऊन मोकळा होतो, आणि आजी म्हणते, "हाई पोर कशी गरगर फिरस!" नेमकं बघायचं कुठे? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नवख्या माणसाची नजर हातांवर जाते. हात सर्वांत जास्त हलतात, वर जातात, छातीशी येतात, पण स्पिनची स्थिती हातांवरून ठरतच नाही. ती पायांवरून ठरते. म्हणून दोन पाय वेगळे ओळखायची सवय लावा : बर्फावर टेकलेला एक आणि मोकळा एक.

मूळ स्थिती तीनच : अपराइट म्हणजे उभी, सिट म्हणजे बसकी आणि कॅमल म्हणजे आडवी. आधी टेकलेल्या पायाची मांडी बघा. ती बर्फाला समांतर किंवा त्याहून खाली गेली असेल तर सिट. पाय सरळ किंवा किंचित वाकलेला असेल तर नजर मोकळ्या पायाकडे न्या. तो मागच्या बाजूला असून त्याचा गुडघा कमरेच्या वर असेल तर कॅमल. नसेल तर अपराइट. यातल्या कशातच न बसणारं, म्हणजे अर्धवट वाकलेलं किंवा मधल्यामध्ये अडकलेलं जे असतं, त्याला मूळ स्थितीत धरत नाहीत.

हे घरी तपासून बघता येतं. मोबाईलवर चित्रफीत पाव वेगाने लावा आणि खेळाडू कुशीवरून दिसेल त्या क्षणी थांबवा. प्रत्येक फेरीत असा क्षण दोनदा येतो. आता वहीची कड खुब्यापासून टेकलेल्या पायाच्या गुडघ्यापर्यंत धरा. खुब्याकडचं टोक गुडघ्याकडच्या टोकापेक्षा वर राहिलं, तर ती बैठक पुरी झालेली नाही. समोरून किंवा उंचावरून टिपलेलं चित्र यासाठी वापरू नका, त्यात उथळ बैठकही खोल भासते. बैठक उथळ राहण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. खेळाडू कंबर मागे सोडतो आणि वजन टाचेवर जातं. मग तोल सांभाळायला वर उठावंच लागतं. चांगल्या सिटमध्ये गुडघा बोटांच्या पुढे जातो, छाती पुढे येते आणि वजन चवड्यावरच राहतं. एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरने रूढ केलेली ही स्पिन आजही पायातली ताकद उघडी पाडते.

समालोचक घेतो ती बाकीची नावं या तिघींचीच रूपं आहेत. सिटमध्ये मोकळा पाय कुठे आहे ते बघायचं : पुढे, बाजूला की मागे. पाय पुढे सरळ आणि छाती त्यावर दुमडलेली, तर कॅननबॉल. मोकळ्या पायाचा घोटा टेकलेल्या पायाच्या मांडीवर आणि धड त्यावर पालथं, तर पॅनकेक. मांडी घालून बसताना आपण एक पाय दुसऱ्यावर घेतो, तसाच तो दिसतो. मोकळा पाय गुडघ्यात वाकून बाहेरच्या बाजूला आडवा पडलेला असेल तर ब्रोकन लेग. नाव भयंकर आहे, पाय शाबूत असतो.

कॅमलमध्ये खांदे बघा. दोन्ही खांद्यांमधून एक रेघ आहे असं समजा. ती बर्फाला समांतर असेल तर साधी, पुढे झुकलेली कॅमल. ती उभी झाली, म्हणजे एक खांदा छताकडे आणि एक बर्फाकडे गेला, तर बाजूची कॅमल. त्याहूनही पुढे पिळली आणि छाती वर उघडली, तर वरची कॅमल. डोनट बहुतेक वेळा बाजूच्या कॅमलमध्ये येतो. मोकळ्या पायाचं पातं हाताने धरून डोक्याकडे ओढलेलं असतं आणि वरच्या कॅमेऱ्यातून अंगाची अख्खी बांगडी दिसते. कॅमल बिघडते ती मोकळ्या पायापाशी. फेऱ्या वाढतात तसा गुडघा हळूहळू खाली येतो आणि कमरेखाली गेला की कॅमल संपली. खेळाडू मात्र अजून आडवाच दिसत असतो, त्यामुळे धडावर विसंबलात तर फसाल.

प्रश्न : बिलमन स्पिनमध्ये पाय मागून थेट डोक्यावर जातो. तुमच्या हिशेबाने गुडघा कमरेच्या वर आणि पायही मागेच. मग ती कॅमल का नाही? (एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. नियमातच तसा अपवाद केलेला आहे : लेबॅक, बिलमन आणि त्यांच्यासारखी रूपं अपराइटमध्येच धरायची. यात टेकलेला पाय सरळ असतो, धड उभं असतं आणि फिरण्याचा आस डोक्यातून खाली टेकलेल्या पायापर्यंत उतरतो. कॅमलमध्ये धड आडवं होऊन त्या आसापासून दूर जातं. म्हणूनच कॅमल संथ फिरते, तर बिलमनमध्ये अंग आसाजवळ आवळलेलं असल्यामुळे वेग टिकू शकतो.

गोंधळ होतो तो तीन शेजाऱ्यांमध्ये. लेबॅकमध्ये पाठ कमानीसारखी मागे झुकते, डोकं मागे सोडलेलं असतं आणि मोकळ्या पायाला कुणी धरलेलं नसतं. तसंच मागे झुकलेलं असताना हाताने पातं पकडून डोक्याच्या मागे आणलं की हेअरकटर. पाय मागून ओढून डोक्यापेक्षा वर, माथ्याच्या दिशेने आणि आसाच्या जवळ नेला की बिलमन. पाऊल डोक्याच्या मागे थांबलं की वर गेलं, एवढंच बघायचं. स्वित्झर्लंडची डेनिस बिलमन १९८१ मध्ये जागतिक विजेती झाली आणि तिच्या नावाने ही स्थिती जगभर गेली. तिच्याआधीही काही जणींनी ती केली होती.

मोकळा पाय पुढून किंवा बाजूने वर धरून फिरणारेही दिसतात. इंग्रजी वाय किंवा आय अक्षरासारखा आकार होतो. तिथेही गुडघा कमरेच्या वर असतो, पण पाय मागे नसल्यामुळे ती अपराइटच.

प्रश्न : स्क्रीनच्या कोपऱ्यात एफसीएसपी४, सीसीओएसपी३ असलं काहीतरी येतं. ते कसं वाचायचं? (एक वाचक, धुळे)

उत्तर : शेवटाकडून वाचा. आकडा म्हणजे लेव्हल, अवघडपणाची पायरी. चौथी सर्वांत वरची, आणि आकड्याच्या जागी बी असेल तर सर्वांत खालची. एसपी म्हणजे स्पिन. त्याच्या आधी स्थिती : यू म्हणजे अपराइट, एल म्हणजे लेबॅक, एस म्हणजे सिट, सी म्हणजे कॅमल आणि सीओ म्हणजे स्थिती बदलत जाणारी, कॉम्बिनेशन. त्याच्याही आधी एफ असेल तर हवेतून उडी घेत सुरू केलेली आणि सी असेल तर मध्येच पाय बदललेली. म्हणजे एफसीएसपी४ ही उडी घेऊन सुरू केलेली, चौथ्या लेव्हलची कॅमल. अमेरिकेच्या डिक बटनने १९४०च्या दशकात तिला रूप दिलं, म्हणून जुने लोक तिला बटन कॅमल म्हणतात. सी दोनदा येतो तिथे घसरायला होतं. सीसीएसपीमधला पहिला सी पाय बदलल्याचा आणि दुसरा कॅमलचा.

स्थिती मोजली जाण्यासाठी त्याच स्थितीत सलग २ फेऱ्या लागतात. सुंदर बैठक दीड फेरीत मोडली तर हिशेबात शून्य. कॉम्बिनेशनला पूर्ण मोल मिळायचं तर तिन्ही मूळ स्थिती आल्या पाहिजेत. दोनच आल्या तर किंमत उतरते. फ्री स्केटिंगमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या दोन सादरीकरणांपैकी लांबच्या सादरीकरणात, एकाच स्थितीच्या स्पिनला किमान ६ आणि कॉम्बिनेशनला १० फेऱ्या हव्यात. फेऱ्या मोजताना चेहऱ्यामागे धावू नका. पाठ कॅमेऱ्याकडे आली की एक, पुन्हा आली की दोन. कपड्याच्या पाठीवर एखादी चमकी किंवा गाठ असेल तर ती धरून मोजणं आणखी सोपं.

प्रश्न : एवढं फिरून त्यांना चक्कर कशी येत नाही? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सुरुवातीला सगळ्यांनाच येते. कानाच्या आतल्या भागातला द्रव फिरत राहतो आणि मेंदूला अजून फिरतोय असं वाटतं. रोजच्या सरावाने मेंदू त्या संदेशाकडे काणाडोळा करायला शिकतो. बॅले नर्तक दर फेरीला मान झटकन वळवून नजर एका जागी लावतात. स्केटिंगचा वेग त्याला फार जास्त आहे. म्हणून स्केटर फिरताना मान स्थिर ठेवतात आणि बाहेर पडल्यावर नजर समोरच्या एखाद्या ठिकाणी रोवतात.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची. इथे बर्फ नाही, ती चाकाच्या स्केटवर शिकते. याच स्थिती तिला शिकता येतील का? तिची स्पिन एका जागी राहत नाही, वाहत जाते. (एक पालक, नंदुरबार)

उत्तर : नक्की येतील. आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्येही अपराइट, सिट आणि कॅमल याच तीन मूळ स्थिती आहेत. उलट चाकांवर काही अधिकच्याही होतात : मागच्या चाकांवर फिरणारी हील, पाऊल आत पाडून आतल्या बाजूच्या चाकांवर फिरणारी ब्रोकन, आणि पोट वर करून केलेली इन्व्हर्टेड कॅमल. त्या फार पुढच्या, आता विचारही नको. मात्र स्केट कोणतं आहे ते आधी बघा. एका ओळीत मोठी चाकं असलेलं शर्यतीचं इनलाइन स्केट लांब असतं आणि ते एका बिंदूवर फिरायला विरोध करतं. पुढे दोन, मागे दोन चाकांचं क्वाड हवं.

वाहत जाण्याचं मूळ बहुधा सुरुवातीतच सापडेल. स्पिनमध्ये शिरताना वळण आधी मोठं आणि मग लहान होत जायला हवं. मुलं ते वळण पुरं व्हायच्या आधीच हात आवळतात. फिरण्याचं केंद्र ठरलेलंच नसतं आणि वेग मात्र वाढतो, मग ती जागा सोडते. दुसरं कारण म्हणजे आतल्या बाजूचा खांदा पडणं. हात जवळ घेण्याआधी दोन्ही खांदे सारख्या उंचीवर ठेवून एक पूर्ण फेरी उघड्या हातांनी होऊ द्या, हात त्यानंतर हळूहळू आवळायचे.

जमिनीवर खडूने साधारण एक फूट व्यासाचं वर्तुळ काढा. तिने त्यात शिरून ३ फेऱ्या करायच्या आणि थांबायचं. चाक वर्तुळाबाहेर कोणत्या बाजूने गेलं त्यावर खूण करा. आठवडाभर खुणा एकाच बाजूला पडत असतील तर शिरण्याच्या वळणात दोष आहे. इकडेतिकडे विखुरल्या असतील तर खांदे आणि तोल. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर उभी, ती ५ फेऱ्यांपर्यंत वर्तुळात राहू लागली की सिट, आणि कॅमल शेवटी. सिटसाठी घरी बूट न घालता भिंतीला हात लावून एका पायावर बसायचं, मांडी समांतर येईपर्यंत, १० सेकंद थांबायचं. कॅमलसाठी खुर्चीची पाठ धरून मोकळा पाय मागे उचलायचा. तुम्ही फोन तिच्या कमरेच्या उंचीवर, कुशीकडून धरा आणि गुडघा कमरेखाली उतरतो तो क्षण तिला दाखवा.

शहाबादी फरशीवर सराव नको, सांध्यात चाक अडकून गुडघा पिळतो. गुळगुळीत, सलग सिमेंट बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी सिमेंट तापून चाकं मऊ पडतात आणि जमीन जास्त धरतात, त्यामुळे सकाळी जमलेली स्पिन दुपारी अडखळते. त्या दोन महिन्यांत सराव सकाळी आठच्या आत उरका.