रात्री अकरानंतर ड्यूक वाचते, चुकतंय का काही?

प्रश्न : नमस्कार ताई, वय ५१, डोंबिवली. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत, दिवसभर डायपर, औषधं, फिजिओ, त्यात माझं वर्क फ्रॉम होम. रात्री सगळं आवरलं की मोबाईलवर इंग्लिश रीजन्सी रोमान्स (दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या प्रेमकथा) वाचते, तेच ते ड्यूक म्हणजे बडे उमराव, बॉल म्हणजे नाचाचे समारंभ, चिठ्ठ्या, घोडागाड्या. ब्रिजर्टन ही वेबसीरिज बघून नाद लागला तो सुटतच नाहीये. नवरा काही बोलत नाही, पण मुलगी इतिहासात एमए करतेय, ती म्हणते आई तू ज्यांच्या नाचगाण्यावर फिदा आहेस त्यांनीच त्याच वर्षांत आपली पेशवाई बुडवली. तेव्हापासून वाचताना टोचतं. हा पळपुटेपणा आहे का? आणि ब्रिजर्टनची पुस्तकं संपली, आता काय वाचू?

उत्तर : पळणं आहेच की, नाही कशाला म्हणायचं, पण दीड वर्ष दिवसभर एका जागी बांधलं गेलेलं माणूस रात्री तासभर कुठे जाऊन आलं तर त्यात कोणाचं काय बिघडलं? डिसेंबर १९४३ मध्ये ऐन महायुद्धात चर्चिल न्यूमोनियाने आडवा पडला होता, तेव्हा त्याच्या मुलीने, साराने, त्याला रीजन्सी काळातल्याच जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी वाचून दाखवली, आणि त्याने पुढे लिहून ठेवलंय की काय निवांत आयुष्यं होती या लोकांची, फ्रेंच राज्यक्रांतीची चिंता नाही की नेपोलियनची नाही. गंमत म्हणजे ऑस्टिनचे दोन सख्खे भाऊ नौदलात होते, तिला युद्ध माहीत नव्हतं असं अजिबात नाही, तिने ते दाराबाहेर ठेवलं एवढंच.

मला विचाराल तर या पुस्तकांत बरं वाटतं ते ड्यूकमुळे नाही, नियमांमुळे. लंडनच्या ऑल्मॅक्स या उच्चभ्रूंच्या क्लबातले बुधवारचे बॉल घ्या. आत जायला व्हाउचर लागायचं, ते कोणाला द्यायचं हे मोजक्या बड्या बायका ठरवणार, अकरानंतर दार बंद म्हणजे बंद, आणि एवढं करून आत खायला काय तर पातळ ब्रेड-बटर, कोरडा केक आणि लेमोनेड! (आपल्याकडे लग्नात एवढंच ठेवलं तर वरपक्ष पुढची दहा वर्षं बोलेल.) कोणी कोणाशी बोलायचं, किती वेळा नाचायचं सगळं ठरलेलं. आणि खाली भीती खरीखुरी, कारण लग्न झालं की बाईचा पैसा कायद्याने बहुतेक सगळा नवऱ्याचा, हे नीट बदललं ते थेट १८८२ च्या कायद्याने. म्हणजे नवरा चुकीचा निवडला तर संपलंच. आणि तरीही तुम्हाला पहिल्या पानापासून माहीत असतं की हिचं भलंच होणारे. तुमच्या घरात उद्या सकाळी काय वाढून ठेवलंय ते कोणीच सांगू शकत नाही, तिथे हे किती मोठं सुख आहे.

आता मुलीचं. पोरगी बरोबर बोलतेय. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला म्हणून त्याच्या मुलाने कारभार बघितला तो हा काळ, म्हणजेच रीजन्सी, १८११ ते १८२०. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या हवाली झाला जून १८१८ मध्ये. या कादंबऱ्यांत रुबाबात वावरणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन तर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांशी लढून नाव कमावून गेलेला. बायकांच्या खांद्यावरच्या शाली काश्मीरच्या, आणि नायिकेला अचानक इस्टेट ठेवून जाणारा काका पैसा कुठून आणतो, तर बहुतेक वेळा हिंदुस्थानातून. बरं तिथल्या गरिबांचेही हालच होते, १८१६ ला पिकं बुडाली, १८१९ ला मँचेस्टरमध्ये सभेला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातलं, बॉलरूममध्ये यातलं काही ऐकू येत नाही. तर टोचू दे थोडं, टोचतंय म्हणून पुस्तक मिटायची मात्र गरज नाही. लेकीला सांगा, रोज संध्याकाळी तासभर आजीजवळ बस आणि तिला पेशवाई समजावून सांग, तेवढ्यात मी दोन चॅप्टर उरकते.

हे मी गमतीत म्हणत नाहीये हां. नवरा काही बोलत नाही असं लिहिलंत, काही करतो का ते लिहिलं नाहीत. वाचायला रात्री अकरानंतरच वेळ मिळत असेल तर दुखणं पुस्तकात नाहीये. आठवड्यातल्या दोन रात्री त्याच्या, आणि परवडत असेल तर दिवसा काही तास बाई लावा, हे आधी मार्गी लावा.

पुस्तकं. सरळ जॉर्जेट हेयरकडे जा, आज आपण ज्याला रीजन्सी रोमान्स म्हणतो त्याचा पाया तिनेच घातला. रुमानियातल्या एका राजकीय कैदी बाईने बारा वर्षांच्या तुरुंगवासात हेयरच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’ची गोष्ट सोबतच्या बायकांना पुन्हा पुन्हा सांगून सगळ्यांना सावरून धरलं होतं, तसं पत्रच तिने सुटल्यावर हेयरला पाठवलं. पण तुम्ही आधी ‘फ्रेडरिका’ (१९६५) घ्या. भावंडांचं करता करता स्वतःचं लग्नाचं वय उलटून गेलं असं मानणारी मोठी बहीण, आणि सगळ्याचा कंटाळा आलेला एक मार्क्विस, म्हणजे बडा उमराव. धाकटा भाऊ आकाशात उडणाऱ्या बलूनच्या नादात आजारी पडतो तेव्हा हा मार्क्विस पेशंटजवळ बसतो, रात्री जागतो, मला तर कुठल्याही नाचापेक्षा तोच भाग रोमँटिक वाटतो, आणि तुम्हालाही वाटेल. ‘द ग्रँड सोफी’ फार धमाल आहे पण त्यातला ज्यू सावकाराचा प्रसंग विखारी आहे, तेवढं माहीत असू द्या. एक फायदा सांगते, हेयरबाईंकडे ब्रिजर्टनसारखे बेडरूमचे सीन नसतात, त्यामुळे ऑडिओबुक सासूबाईंच्या खोलीत स्पीकरवर लावलंत तरी पंचाईत होणार नाही.