शेतीचे गेम खेळून डोकं शांत का होतं, आणि तेही सगळ्या वयात?

तुमच्या घरी सातवीतली मुलगी आणि साठीच्या सासूबाई दोघीही मोबाईलवर शेतीचा गेम खेळतात आणि दोघीही "बरं वाटतं" एवढंच सांगतात. तुम्ही विचारलंय की खरी शेती माणसाची झोप उडवते, मग तिच्याच गेममध्ये एवढं निवांत वाटण्यासारखं काय आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गेममध्ये शेतीतली देखभाल ठेवलेली असते आणि शेतीतला जुगार काढून टाकलेला असतो. पेरणं, पाणी घालणं, वाढताना बघणं, काढणं हे सगळं आहे. भाव, गारपीट, कर्जाचा हप्ता, भावकी हे काही नाही, आणि असलंच तर अगदी नावापुरतं.

माझं घर निफाड तालुक्यातलं, कांदा आणि द्राक्षं. मी पुण्यात नोकरी करतो, शेत मोठा भाऊ बघतो. म्हणून हे गेम खेळताना डोक्यात आपोआप दोन वह्या उघडतात, एक गेमची आणि एक घरची.

स्टारड्यू व्हॅलीचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेला हा गेम एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन माणसानं चारेक वर्षं एकट्यानं बसून केला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. कॉम्प्युटरची पदवी होती पण नोकरी लागत नव्हती, तेव्हा हात बसावा म्हणून काम सुरू केलं आणि पोटापाण्यासाठी सिएटलच्या एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायची नोकरी धरली. २०२४ संपेपर्यंत या गेमच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. गोष्ट साधी आहे. एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात मान मोडून काम करणारा माणूस आजोबांनी ठेवलेलं पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीक शेतावर राहायला जातो. गावचा प्रमुख पंधरा बिया भेट देतो, पार्सनिपच्या. आपल्याकडे फारसं न दिसणारं हे पांढरट कंद आहे, गाजराच्या जातीचं.

आता पहिल्या वहीतला हिशेब बघा. पार्सनिपचं बी गावातल्या दुकानात २० नाण्यांना मिळतं, चार दिवसांत पीक तयार होतं आणि ३५ नाण्यांना विकलं जातं. एक विका नाहीतर हजार विका, भाव ३५ च राहतो. सगळ्या गावानं तेच लावलं म्हणून तो पडत नाही. निफाडच्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं तेच कळणार नाही. आमच्याकडे सकाळच्या लिलावातला भाव दुपारी राहील याची खात्री नसते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ मध्ये उठली, आणि तेवढ्या काळात ज्यांचा माल निघाला त्यांनी काय भोगलं ते त्यांनाच माहीत. गेममध्ये माल घराजवळच्या पेटीत टाकायचा आणि झोपायचं. झोपताना पडद्यावर हिशेब येतो आणि सकाळी पैसे हातात असतात. ना हमाली, ना तोलाई, ना "चेक पुढच्या आठवड्यात".

हवामानाचंही तसंच. गेममधल्या घरातला टीव्ही लावला की उद्या पाऊस आहे की ऊन ते कळतं आणि तसंच होतं. पाऊस आला तर पिकाला पाणी मिळतं, तुमचा तेवढा वेळ वाचतो. एखाद्या दिवशी पाणी घालायचं राहिलं तर रोप मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही. कावळे खातात, पण बुजगावणं लावलं की येत नाहीत. मोठं नुकसान एकच आहे. ऋतू २८ दिवसांचा असतो, तो संपला की त्या ऋतूची उभी पिकं वाळतात. पण ती तारीख कॅलेंडरवर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. संकट येतं, पण सांगून येतं. अवकाळी नावाचा प्रकारच नाही.

एवढंच असतं तर गेम कंटाळवाणा झाला असता. गोडी कशात आहे, तर कामाच्या आकारात. स्टारड्यूमधला दिवस पहाटे सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो, आणि तो पूर्ण दिवस आपल्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा असतो. तेवढ्यात रोपांना पाणी, कोंबड्यांना गोंजारणं, गावात एक चक्कर, जमलं तर नदीवर मासेमारी. शरीराच्या ताकदीची एक पट्टी कोपऱ्यात दिसते. कुऱ्हाड, कुदळ, झारी काहीही चालवा, ती थोडी थोडी उतरते. पट्टी संपत आली की थांबायचं. कुणी ओरडत नाही. माझ्या ऑफिसात अशी पट्टी असती तर निम्मे लोक दुपारी तीनलाच घरी गेले असते!

आणि केलेलं काम दिसतं. सकाळी सात वाफे कोरडे होते, ते आता ओले होऊन गडद दिसतायत. परवा दोन पानं होती, आज चार आहेत. आपल्यातले बहुतेक जण ज्या नोकऱ्या करतात त्यात दिवसभर मेल पाठवले तरी संध्याकाळी बोट दाखवून "हे मी केलं" म्हणावं असं काही उरत नाही. गेममध्ये ते उरतं. हातानं काम करून ते वाढताना बघण्याची भूक माणसाला असते, मग तो शेतकरी असो नसो. बाल्कनीत मिरचीचं रोप लावणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

मुळात हा प्रकार जन्मालाच असा आला. १९९६ मध्ये जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम खेळायच्या यंत्रावर हार्वेस्ट मून या शेतीच्या गेमच्या मालिकेतला पहिला गेम आला. तो करणारे यासुहिरो वादा ग्रामीण भागात वाढले आणि मग टोकियोत आले. लहानपणी गाव नकोसं वाटलेल्या माणसाला शहरात आल्यावर त्याचं मोल कळलं, आणि मारामारी नसलेला गेम करायचा त्यांनी ठरवलं. म्हणजे पहिल्यापासूनच हा गाव सोडून आलेल्या माणसाचा गेम आहे. पुण्या-मुंबईत ज्यांचं गाव सुट्टीपुरतं उरलंय त्यांना तो का भिडतो याचं मला आश्चर्य वाटत नाही.

पण शेतीचा गेम म्हणजे शांतताच, असं मात्र नाही. फार्मव्हिल आठवतोय? २००९ मध्ये फेसबुकवर आला आणि ऐन भरात महिन्याला आठ कोटींवर लोक तो खेळत होते. शाळेतले मित्र, ऑफिसातले साहेब, आत्या, सगळ्यांच्या भिंतीवर "माझ्या शेतात एक हरवलेली गाय आली आहे" असले निरोप. त्यात पीक वेळेवर काढलं नाही तर वाळून जायचं. त्यामुळे लोक मीटिंगमधून उठून वांगी काढायला जायचे. जमीन वाढवायची तर शेजारी जोडा, शेजारी नसतील तर पैसे भरा. तो ज्यावर चालायचा ते फ्लॅश सॉफ्टवेअर बंद झालं त्याबरोबर ३१ डिसेंबर २०२० ला तोही बंद पडला. मला विचाराल तर त्यात पीक होतं, विसावा नव्हता. पीक तुमची वाट बघतं की तुम्हाला पिकाच्या वेळेला बांधून ठेवतं, यावर सगळं ठरतं.

माझी आई 'हे डे' नावाचा शेतीचा मोबाईल गेम खेळते. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा, २०१२ चा. सुरुवातीला तिला गहू दोन मिनिटांत तयार होतो याचंच हसू यायचं. मग तिनं जे सांगितलं ते मी अजून कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. ती म्हणाली, "अरे, इथं कुणी उधारीवर नेत नाही." रस्त्यालगतच्या दुकानात अंडी मांडली की कुणीतरी रोखीनं नेतं. जन्मभर दूध आणि भाजी घालून महिनाअखेरीला पैशासाठी दारोदार गेलेल्या बाईला यात काय सुख आहे ते तिला विचारा. शिवाय 'हे डे'मध्ये तयार पीक सडत नाही. घरी पाहुणे आले, लग्नसराई आली, ती आठवडाभर फिरकली नाही तरी गहू तसाच उभा असतो आणि गाय रुसलेली नसते.

वयाचं कोडं इथंच सुटतं. बहुतेक गेम बोटांचा वेग मागतात, म्हणून पन्नाशीपुढचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत मरतो आणि फोन परत देतो. शेतीच्या गेममध्ये मरायचंच नसतं. नियम शिकवावे लागत नाहीत, बी-पाणी-पीक हे तिसरीतल्या मुलालाही माहीत असतं. मुलांना आणखी एक गोष्ट मिळते जी घरात सहसा मिळत नाही. अख्खा कारभार त्यांच्या हाती असतो. काय लावायचं, कोंबड्या घ्यायच्या की आधी घर वाढवायचं, यात कुणी मध्ये बोलत नाही. माझी पुतणी तिच्या शेतात नुसती फुलं लावते. नफा शून्य. ती म्हणते, काका, माझं शेत आहे.

सगळ्यात मजेशीर प्रकरण भावाचं. दादा दिवसभर ट्रॅक्टरवर असतो आणि रात्री पुतण्याच्या कॉम्प्युटरवर फार्मिंग सिम्युलेटर खेळतो. जायंट्स सॉफ्टवेअर नावाच्या स्विस कंपनीची ही मालिका २००८ पासून चालू आहे, आणि त्यात जॉन डिअर, क्लास, फेंट, न्यू हॉलंड यांची खरीखुरी मशीन चालवायला मिळतात. २०२४ मध्ये आलेल्या भागात भातलावणी आणि म्हशीसुद्धा आल्या. मला वाटायचं, दिवसभर तेच करून रात्री पुन्हा तेच कसं काय? पण तेच नसतंच. तिथं तो ज्या हार्वेस्टरवर बसतो तो आमच्या गटात वळवायलाही जागा पुरणार नाही. बँक बटण दाबलं की कर्ज देते, सातबारा मागत नाही, जामीनदार मागत नाही. आणि मजूर हवा असेल तर तोही एका बटणावर येतो, सांगितलेलं रान नांगरतो आणि मिनिटाच्या हिशेबानं मजुरी घेतो. पहिल्यांदा हे बघितल्यावर दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे एवढं बटण मला खरं आणून दे. बाकी गेम तू ठेव." ज्यांनी छाटणीच्या दिवसांत मजुरांसाठी चार गावं पालथी घातली आहेत त्यांना यातला विनोद समजावून सांगायला नको.

म्हणून कुणी "हे गेम शेतीची खोटी गोडगुलाबी प्रतिमा उभी करतात" असं म्हटलं की मी अर्धा सहमत असतो. शेती काय असते हे यातून कळत नाही, हे खरं. रात्री दोनला लाईट आली म्हणून पाणी भरायला जाणं कुठल्याच गेममध्ये नाही आणि असलं तर कुणी विकत घेणार नाही. पण खेळणाऱ्यांना ते ठाऊक नसतं असंही नाही. माझ्या आईला आणि दादाला खरी शेती कुणी शिकवायची गरज आहे का? ते खेळतात ते शेती नीट वागली तर कशी असेल, हे बघायला.

अभ्यासाचं विचाराल तर ऑक्सफर्डच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटनं २०२० मध्ये एक काम प्रसिद्ध केलं होतं. त्यात लोकांना "किती खेळता" असं नुसतं विचारलं नव्हतं, तर खेळण्याचा नेमका वेळ गेम कंपन्यांकडून घेतला होता. अॅनिमल क्रॉसिंग हा त्यातला एक गेम, शेतीचाच नव्हे पण त्याच बिरादरीतला, बेटावर झाडं-फुलं लावायचा. जास्त खेळणारे किंचित जास्त समाधानी दिसले. मात्र खेळल्यामुळे बरं वाटतं की बरं वाटणारे लोक जास्त खेळतात, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि संबंधही बारीकच होता. त्यामुळे "डॉक्टरांनी सांगितलंय" अशा थाटात हे पुढे ढकलू नका.

आता तुमच्या घरासाठी. तुम्ही गेमचं नाव लिहिलेलं नाही, पण मोबाईलवरचा फुकटातला गेम असेल तर आधी खरेदीला पासवर्ड लावा. हिरे, नाणी, "फक्त आज सवलत" हा या गेमचा खरा धंदा आहे, आणि वाट बघायचा कंटाळा येण्यावरच तो चालतो. नोटिफिकेशन बंद करा. "तुमच्या गाई वाट बघतायत" असा निरोप जेवताना आला तर निवांतपणा तिथंच संपला. मुलगी स्टारड्यूकडे वळली तर एकदाच पैसे भरावे लागतात, नंतर जाहिराती नाहीत, विकत घ्यायला आत काही नाही. त्यातली खोड वेगळी आहे. झोपून उठलं की लगेच नवा दिवस समोर उभा असतो, त्यामुळे "हा शेवटचा दिवस" म्हणत रात्रीचा एक वाजतो. फोन ठेवायची वेळ तिच्याबरोबर आधीच ठरवा, आणि ती गेममधल्या दिवसांत ठरवा, मिनिटांत नको. "अजून दोन दिवस, मग झोप" हे मुलं ऐकतात, कारण दिवस अर्धवट तोडायला त्यांनाही आवडत नाही.

आणि सुरू केलाच तर तिला एक सांगून ठेवा. पहिल्या वसंतात सगळे पैसे बियाण्यात घालू नकोस. १३ तारखेला गावात अंड्यांचा उत्सव असतो, तिथं स्ट्रॉबेरीचं बी १०० नाण्यांना मिळतं. महाग वाटतं, पण घ्यावं, आणि घरी येऊन त्याच रात्री लावून पाणी घालावं. ऋतू संपायच्या आत दोन तोडे निघतात. १६ तारखेच्या पुढे ढकललं तर एकच.