खेळाचे 6,700 आणि कार्डाचे 44,000

एका वाचकाचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मॅडम, वय 41. चाकणला नोकरी, हातात 72,000 येतात. बायको घरी असते. मुलगा नववीत, मुलगी चौथीत. दोन वर्षांपूर्वी मुलाला पीएस5 हा गेम कन्सोल घेतला, डिस्कवाला. त्याच्या प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या 'एक्स्ट्रा' प्लॅनची मुदत फेब्रुवारीत संपतेय. मागच्या वेळी वर्षाचे 6,700 भरले होते. बायकोचं म्हणणं, हे पैसे पाण्यात. मुलाचं म्हणणं, ते भरले नाहीत तर मित्रांबरोबर खेळताच येणार नाही. भरावेत की बंद करावं? बाकी आमचं सगळं शिस्तीत आहे. कार्डाचं बिल आजवर एकदाही चुकलं नाही, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, ऑटो-डेबिटवर ठेवलंय, बाकी 90,000 च्या आसपास फिरतं. लेकीसाठी दीड लाखाची एफडी आहे, माझ्याच नावावर, पावणेसात टक्के, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. शिवाय मार्च 2024 मध्ये बँकेतल्या ओळखीच्या ताईंनी एफडीपेक्षा चांगला गॅरंटीड प्लॅन दिला. वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, 15 व्या वर्षी 16 लाख, म्हणजे 60 टक्के फायदा, वर 80 सीची करवजावट. दुसरा हप्ता कार्डावर भरला, त्याच्या पॉइंटांतून टिफिनचा छान सेट मिळाला. यंदाचाही कार्डावरच भरीन म्हणतो. पगाराला नवी करप्रणाली आहे."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते सोपं आहे. 'एक्स्ट्रा' वर्षभरासाठी पुन्हा घेऊ नका. मुलाला पूर्ण बंदही करू नका.

मुलगा म्हणतो ते अर्धं खरं आहे. पीएस4 आल्यापासून, म्हणजे 2013 पासून, विकत घेतलेला गेम ऑनलाइन इतरांबरोबर खेळायचा तर प्लस लागतं. एफसी या फुटबॉल गेमचा ऑनलाइन सामना असो की जीटीए ऑनलाइन, प्लसशिवाय होत नाही. पण जे गेम मुळातच फुकट आहेत त्यांना लागत नाही. फोर्टनाइट, रॉकेट लीग, वॉरझोन, ईफुटबॉल हे सगळे प्लस न भरता मित्रांबरोबर खेळता येतात. तेव्हा मुलाला एवढंच विचारा, की मित्रांबरोबर नेमकं काय खेळतोस? फोर्टनाइट म्हणाला, तर प्रश्नच मिटला.

आता एक्स्ट्राचं. जून 2022 मध्ये या सेवेचे स्तर पाडले. आपल्याकडे ते इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स असे आहेत. ऑनलाइन खेळायला सगळ्यात खालचा इसेन्शियल पुरतो. एक्स्ट्रामध्ये वर शेकडो गेमचं कपाट मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये वर्षाचे दर वाढले, इसेन्शियल 2,999 वरून 3,949 वर गेला आणि एक्स्ट्रा 4,999 वरून 6,699 वर. तुम्ही भरले ते हेच. म्हणजे कपाटाचे वर्षाला पावणेतीन हजार जास्तीचे. त्या कपाटातला गेम कधीही काढून घेतला जातो आणि वर्गणी थांबली की सगळंच कुलूपबंद होतं. आज संध्याकाळी मुलाला शेजारी बसवून गेम लायब्ररी उघडा. वर्षभरात त्यातले किती गेम शेवटपर्यंत खेळले ते तो स्वतःच सांगेल. माझ्याकडे येणाऱ्या घरांत बहुतेक वेळा आकडा दोन किंवा तीन निघतो. तेवढे गेम जुन्या डिस्क घेऊन खेळता येतात आणि खेळून झाले की विकताही येतात. तुमचा कन्सोल डिस्कवाला आहे, हा त्याचा मोठा फायदा आहे, तो वापरा.

शिवाय फेब्रुवारीत वर्षाचे पैसे भरायचे आणि लगेच वार्षिक परीक्षा. मग जूनपासून दहावी. वर्षातले सात-आठ महिने तो कन्सोल बंदच राहणार आहे, निदान राहावा. एक महिन्याचा इसेन्शियल मिळतो, 2022 मध्ये तो 499 ला होता, आजचा दर स्टोअरवर पाहून घ्या. मे महिन्यात एक, दिवाळीच्या सुट्टीत एक. हजार-बाराशेत काम होतं. मधल्या काळात वर्गणी नसली तरी कन्सोलवर साठवलेली त्याची प्रगती जात नाही आणि इसेन्शियलमध्ये महिन्याच्या महिन्याला जमा केलेले गेम पुन्हा वर्गणी भरली की परत उघडतात. ऑटो-रिन्यू मात्र आजच बंद करा, आणि मुलाच्या खात्याला महिन्याच्या खर्चाची मर्यादा शून्य लावा. सेटिंगमध्ये तशी सोय आहे.

तर वहिनींचं बरोबर आहे आणि मुलाचंही थोडं बरोबर आहे. तुमचे पाच हजारांच्या वर वाचले. आता मूळ मुद्द्यावर येते. तुम्ही तो विचारलेला नाही, पण पत्र वाचताना मी "बाकी आमचं सगळं शिस्तीत आहे" या वाक्याशी थांबले.

मिनिमम ड्यू भरणं म्हणजे बिल भरणं नव्हे. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुमच्यासारखी सरळ, कष्टाची माणसंच यात अडकतात. मिनिमम ड्यू भरलं की बँक तुम्हाला लेट फी लावत नाही आणि थकबाकीदार म्हणत नाही, एवढंच. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. बहुतेक कार्डांवर ते दरमहा साडेतीन टक्के असतं. साडेतीन हा आकडा लहान दिसतो म्हणून तो महिन्याचा सांगतात, वर्षाचे ते 42 टक्के होतात. 90,000 वर महिन्याला 3,150. त्यावर 18 टक्के जीएसटी, सुमारे 570. झाले 3,700. वर्षाचे 44,000 च्या वर.

तुमचं मिनिमम ड्यू पाच टक्क्यांनी 4,500 येत असणार. त्यातले 3,700 व्याजात गेले. मुद्दलातून सुटले फक्त 800, आणि त्याच महिन्यात किराणा किंवा पेट्रोल कार्डावर झालं की ते 800 परत चढले. म्हणून ती रक्कम 'फिरते' आहे. आणखी एक गोष्ट. थकबाकी असताना नव्या खरेदीला ते 45-50 दिवसांचं बिनव्याजी अंतर मिळत नाही. कार्ड घासलं त्या दिवसापासून मीटर सुरू. गेल्या वर्षीची ती वर्गणी याच कार्डावर भरली असेल, तर ती तुम्हाला 6,700 ला पडलेलीच नाही.

कार्डाचं ताजं स्टेटमेंट काढा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'मिनिमम अमाउंट ड्यू' असतं, तिथेच सगळे थांबतात. पान उलटा. व्यवहारांच्या यादीत 'फायनान्स चार्जेस' अशी एक ओळ असेल आणि तिच्या खाली जीएसटीची. त्या दोन्ही ओळींवर पेन्सिलीनं गोल करा. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेड व्हायला महिनोन्‌महिने, वर्षं लागतील, असा इशाराही स्टेटमेंटवर असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार तो छापावाच लागतो. बारीक अक्षरात असला तरी वाचा, वहिनींनाही दाखवा.

आणि हे सगळं चालू असताना दीड लाखाची एफडी शेजारी बसून आहे! त्यातल्या 90,000 वर तुम्हाला वर्षाला 6,000 मिळतात. तेवढ्याच 90,000 वर तुम्ही 44,000 देता. दरवर्षी 38,000 नुसते गळतायत. "लेकीसाठी आहे, हात लावायचा नाही" यामागची माया मला कळते, माझ्या आईनंही असे पैसे राखलेले मी पाहिलेत. पण हे पैसे लेकीसाठी वाढत नाहीत, कार्डाच्या बँकेसाठी वाढतायत. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण एक टक्क्याच्या घरात असतो, म्हणजे दीड-दोन हजारांचा फटका. कार्डाचं व्याज पंधरा दिवसांत तेवढं होतं. कार्डाची संपूर्ण रक्कम भरा, पुढच्या महिन्यात मागे राहिलेल्या दिवसांचं थोडं व्याज येईल तेही भरा आणि ऑटो-डेबिट 'मिनिमम'वरून 'टोटल'वर न्या. उरलेले 60,000 अडीनडीसाठी तसेच ठेवा. जे 4,500 महिन्याला कार्डाला जात होते ते त्याच तारखेला रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका. वीस महिन्यांत लेकीचे 90,000 परत जागेवर येतील. ती तेव्हा सहावीत असेल.

राहिला तो गॅरंटीड प्लॅन. इथे मला खरंच राग येतो.

ही एफडी नाही. हा विमा आहे, आणि विमा म्हणूनही तोकडा आहे. अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा हप्त्याच्या दहापट असतं, म्हणजे 10 लाख. तुमचा एक वर्षाचा पगार साडेआठ लाखांच्या वर आहे. तुमच्यामागे तीन माणसं आहेत आणि घरात दुसरी मिळकत नाही. 10 लाखांत त्यांनी किती दिवस काढायचे?

"60 टक्के फायदा" हे शब्द त्या ताईंनी वापरले असतील तर ते फार चुकीचं सांगणं झालं. 60 टक्के हे 15 वर्षांचे मिळून आहेत. दरवर्षी 1 लाख, दहा हप्ते, 15 व्या वर्षाअखेर 16 लाख, याचा वार्षिक परतावा साडेचार टक्के बसतो. तुमच्या एफडीपेक्षाही सव्वादोन टक्के कमी. तेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी टाकले असते तर 21 लाखांच्या जवळ गेले असते. पोस्टातल्या पीपीएफला कमिशन नसतं, म्हणून काउंटरवरून कुणी तुम्हाला त्याचं नाव घेत नाही. आणि 80 सी? नव्या करप्रणालीत ती वजावटच नाही. तुम्हाला मिळत नसलेला फायदा दाखवून वस्तू विकली गेली आहे.

दुसरा हप्ता कार्डावर भरला, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. साडेचार टक्क्यांच्या वस्तूसाठी तुम्ही 42 टक्क्यांनी कर्ज काढलंत. टिफिनचा सेट हजार-दीड हजाराचा असेल. आज फिरणारे ते 90,000 बहुतेक त्याच हप्त्याचे आहेत.

आता करायचं काय? मार्चचा तिसरा हप्ता कार्डावर तर नाहीच, माझ्या मते कशानंच भरू नका. पण चिडून लगेच पॉलिसी सरेंडरही, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे परत घेणंही, करू नका. परत करायची पंधरा-तीस दिवसांची मुदत केव्हाच गेली. ऑक्टोबर 2024 च्या आधीच्या अशा पॉलिसीत दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर रक्कम भरलेल्याच्या साधारण 30 टक्के असते. म्हणजे 2 लाखांचे 60,000 हातात. त्याऐवजी ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर मुदत संपल्यावर भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पैसे मिळतात. 16 लाखांचा पाचवा हिस्सा धरला तर 3.2 लाख, काही लाभ कापले गेले तर त्याहून कमी. तरी आज 60,000 घेऊन ते पीपीएफमध्ये 13 वर्षं ठेवले तर दीड लाखाच्या आतच राहतात. म्हणून माझा कल पेड-अपकडे आहे.

"दोन लाख गेलेतच, तर आता पूर्ण करून टाकू" असं मनात येईल. तोही हिशेब करून दाखवते. पुढचे 8 लाख भरून तुम्हाला जास्तीचे मिळणार 12.8 लाख. त्या आठ हप्त्यांवर पाच टक्के. तेच आठ हप्ते पीपीएफमध्ये साडेपंधरा लाख होतात. आणि तुमच्याकडे तो लाख आज नाहीच, तो कार्डाकडून येणार होता.

आधी टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. 41 व्या वर्षी, तंबाखू-सिगारेट नसेल तर, साठीपर्यंतचं 1 कोटीचं संरक्षण वर्षाला 20,000 च्या आसपास मिळतं. मुदत संपल्यावर पैसे परत देणारा प्रकार कुणी पुढे केला तर नको म्हणा, साधा टर्म घ्या. प्रकृतीची काही तक्रार असेल तर फॉर्ममध्ये खरी लिहा. हातात टर्मची पॉलिसी आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा, तोवर एक महिन्याचा ग्रेस, म्हणजे हप्ता उशिरा भरायची सवलत, असतोच.

त्या ताईंशी फोनवर बोलू नका, त्या गोड बोलून तिसरा हप्ता भरवून घेतील. विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि पॉलिसी क्रमांकासह तीन आकडे लेखी मागा: आजची सरेंडर किंमत, पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम, आणि पेड-अप झाल्यावर राहणारं विमा संरक्षण. पेड-अपचा आकडा दोन लाखांच्या खाली आला तर मला पुन्हा लिहा, मग सरेंडरचा वेगळा विचार करू. एफडीऐवजी हा प्लॅन दिला याचा काही लेखी पुरावा, मेसेज किंवा ब्रोशरवर पेनानं लिहिलेला हिशेब तुमच्याकडे असेल, तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रारही करा. त्या ब्रोशरचा फोटो आजच काढून ठेवा, पेनाची शाई पुसट होते.