बॉर्डर टेरियर: केस कापावेत की उपटावेत?

प्रश्न: मुलगी न्यूकॅसलला असते. तिच्या बॉर्डर टेरियरचे केस फार वाढले, म्हणून मशीन फिरवायचं ठरलं, तर तिथले लोक म्हणतात, कापू नका, हाताने उपटा. कुत्र्याला दुखणार नाही का? आणि ही जात मुळात कशासाठी?
– एक वाचक, पुणे

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. हा कुत्रा इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट डोंगरांतला. कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्याला बिळातून हुसकावणं हे त्याचं काम. शिकाऱ्यांच्या घोड्यांमागे धावायचं म्हणून पाय लांब, बिळात शिरायचं म्हणून अंग अरुंद. माणसाने त्याला खांद्यामागे दोन्ही हातांनी धरलं तर छाती हातांत मावायला हवी. डोकं पाणमांजरासारखं, कातडी जाड आणि सैल. वजन नराचं ५.९ ते ७.१ किलो, मादीचं ५.१ ते ६.४. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला १९२० मध्ये मान्यता दिली. आता बहुतेक बॉर्डर घरातच असतात, पण उकरायची खोड जात नाही. कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत पुरायला सांगा.

थंडी-पावसाच्या त्या डोंगरांत कामाला येते ती दुहेरी लव: वर राठ केस, खाली मऊ दाट थर. राठ केस पिकला, म्हणजे पूर्ण वाढून जुना झाला, की मुळाशी सैल होतो, म्हणून उपटताना सहसा दुखत नाही. मशीनने तो वरून कापला जातो, मूळ आतच राहतं, लव मऊ पडते, रंग फिकटतो आणि पाणी आत मुरतं.

पाठीवरचे केस भांग पडल्यासारखे दुभंगू लागले की ते पिकले. साधारण वर्षातून दोनदा. आदल्या दिवशी अंघोळ नको, केस बोटांतून निसटतात. बोटांना खडूची पूड लावावी. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत थोडेच केस टोकाकडून पकडायचे आणि वाढीच्या दिशेने ओढायचे. मानेपासून शेपटीकडे जावं. पोट आणि जांघेची कातडी नाजूक, तिथे कात्रीच बरी. सगळं एका बैठकीत उरकायचा हट्ट नको.

कुत्रा कळवळला किंवा कातडी लाल झाली तर केस कच्चे आहेत. दोन आठवडे थांबा. नसबंदी झालेल्या कुत्र्याची लव बऱ्याचदा लोकरीसारखी होते आणि उपटून निघत नाही. तिथे मात्र मशीन वापरायला आमची हरकत नाही.