आधी तो १६४० कोटींचा आकडा खोड

प्रिय पोरी,

तुझी सेमिनारची फाइल बघितली, म्हणजे नातवाने उघडून दिली आणि मी चष्मा पुसत पुसत दोनदा वाचली. विषय झकास घेतलायस, एवढ्या महागड्या लढाऊ विमानांचा पैसा वसूल होतो का. पण उत्तर तू पहिल्याच स्लाइडवर ठोकून मोकळी झालीस, ड्रोनचा जमाना आलाय आणि राफेल म्हणजे पांढरा हत्ती. अगं निदान चौथ्या स्लाइडपर्यंत तरी थांबायचंस.

मी काही तुमच्या कॉलेजातला सर नाही. एअरफोर्समधे एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा, निम्मं आयुष्य विमानाच्या पोटाखाली उताणं पडून गेलं, तेव्हा माझं ऐकताना एवढं धरून चाल की हा म्हातारा विमानाकडे खालून बघतो.

तर पहिलं म्हणजे तो १६४० कोटींचा आकडा. ५९ हजार कोटी भागिले ३६, झालं एक राफेल! सगळेच असा भागाकार करतात, टीव्हीवाले पण. पण २०१६ च्या त्या ७.८७ अब्ज युरोच्या कराराची जी फोड तेव्हा बातम्यांत आली होती त्यात नुसत्या विमानांचा वाटा निम्म्याहून कमी होता, ३.४ अब्जाच्या आसपास. बाकीचे कुठे गेले तर स्पेअर्स, सिम्युलेटर, मीटिऑर आणि स्काल्पसारखी क्षेपणास्त्रं, आपल्यासाठी करून घेतलेले बदल (लेहच्या उंचीवर कडाक्याच्या थंडीत इंजिन चालू झालं पाहिजे, असले), आणि ७५ टक्के विमानं कायम उडण्याच्या अवस्थेत राहतील ही कंपनीची हमी, तिचे वेगळे पैसे. तुझ्या बाबांना विचार की एकरभर द्राक्षाच्या रोपांना किती लागले आणि अँगल, तारा, ठिबक, औषधं, छाटणीची माणसं याला किती लागले. ते हसतील तुला. रोपांचे पैसे कोण मोजतं?

आणि ती ७५ टक्क्यांची हमी आहे ना, सगळ्या करारात मला आवडलेली गोष्ट तीच, फोटो मात्र कोणी तिचे काढले नाहीत. आपल्या सुखोईचं बघ. ओझरच्या विमान कारखान्यातून टेस्टला उठलं की तुमच्या पिंपळगावच्या बागेत बोलणं ऐकू येत नाही तेच. २०१५ मधे कॅगने लिहिलं होतं की ताफ्यातली ५५ ते ६० टक्केच विमानं वेळेला उडायच्या लायक असतात, ठरलेलं प्रमाण ७५ असताना. म्हणजे शंभर विकत घ्यायची, शंभरांसाठी पायलट, हँगर, गार्ड सगळं ठेवायचं आणि सकाळी लाइनवर साठ पण उभी नाहीत. तुझ्या स्लाइडवर हे कुठेच नाही गं. आपल्याकडेच असं असतं असंही समजू नकोस, अमेरिकेच्या एफ-३५ चा आकडा २०२३ च्या मार्चमधे ५५ टक्के होता, त्यांच्याच सरकारी हिशेबतपासनिसांनी काढलेला. ते विमान आयुष्यभर चालवायचा आणि सांभाळायचा त्यांचा अंदाज २०१८ मधे १.१ लाख कोटी डॉलर होता, तो २०२३ पर्यंत १.५८ लाख कोटी झाला. खरेदी त्यापुढे किरकोळ वाटायला लागते.

एक आपबिती सांगतो, स्टेशनचं नाव नको. एक विमान चार महिने उभं होतं, कशासाठी तर तळहाताएवढ्या एका हायड्रॉलिक व्हॉल्व्हसाठी. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद गेलेला, आज येईल उद्या येईल. तोवर दुसऱ्या विमानाचा पंप गेला, तो या उभ्या विमानातून काढला, मग तिसऱ्याचं काहीतरी, मग कॉकपिटमधलं एक इंडिकेटर. आम्ही अशा विमानाला ख्रिसमस ट्री म्हणायचो, जो येतो तो एक वस्तू तोडून नेतो. शेवटी व्हॉल्व्ह आला तेव्हा बाकीच्या अकरा वस्तू मागवायच्या झाल्या होत्या. आणि कागदावर? कागदावर ते विमान त्या स्क्वाड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) संख्येत धरलेलं, अगदी व्यवस्थित. म्हणून तुला माझं पहिलं सांगणं, किंमत विचारायचीच तर सकाळी सहाला उडू शकणाऱ्या विमानाची विचार, विकत घेतलेल्या विमानाची नको.

आता तुझी सातवी स्लाइड, "स्वस्तातली जास्त विमानं घ्यावीत". यावर मी थोडा चिडलो, खरं सांगतो.

स्वस्तातली जास्त विमानं घेतली होती आपण. मिग-२१, १९६० च्या दशकापासून, ओझरचा कारखाना उभा राहिला तोच मुळी मिगसाठी. विमान वाईट नव्हतं, ७१ ला त्याने काम करून दाखवलंय आणि मी त्याच्यावर शिकलो, त्याला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. पण २०१२ मधे संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत दिलेला आकडा वाच, चाळीस वर्षांत सगळ्या प्रकारच्या ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली. १७१ पायलट. ३९ गावातली साधी माणसं. याला कारणं बरीच, पण एक मला सगळ्यात जास्त टोचतं, ते म्हणजे मधल्या पायरीचं ट्रेनर विमानच नसणं. किरण नावाच्या साध्या ट्रेनरवर शिकलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला थेट मिग-२१ मधे बसवायचो, जे उतरतानासुद्धा ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळतं. मधल्या ट्रेनरची मागणी ऐंशीच्या दशकातली, हॉक विमानं बीदरला आली २००८ साली. ते वाचवलेले पैसे कुठल्या खात्यात जमा झाले सांग मला. स्वस्त विमानाचं बिल पण येतं, फक्त ते वेगळ्या दाराने येतं आणि कधी कधी त्यासोबत तिरंग्यातली पेटी असते.

बरं, मग महाग ते सगळं चांगलं का? तसं पण नाही, घाई करू नकोस.

कारगिल घे. २७ मे १९९९ ला आपलं एक मिग-२७ आणि एक मिग-२१ गेलं, दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं, आतले चौघेही गेले. मग उंचावरून बॉम्ब टाकायची वेळ आली, आणि उंचावरून डोंगराच्या सुळक्यावरचा एक तंबू दिसणार कसा? तिथे मिराज कामाला आली, १९८५ ला आलेली, त्या काळात महाग म्हणून तिच्याबद्दल पण असंच बोललं जायचं. पण नीट बघशील तर कमाल नुसत्या मिराजची नव्हती. पोटाखाली लावलेल्या इस्रायली लायटनिंग पॉडची (उंचावरून लक्ष्य दाखवून त्यावर लेझर धरणारं यंत्र) होती, आणि मिराजच्या ग्वाल्हेर तळावरच्या लोकांनी तो पॉड आणि लेझर बॉम्ब भर युद्धात विमानाशी जुळवून घेतला त्याची होती. २४ जूनला टायगर हिलवर तो बॉम्ब नेमका पडला. म्हणजे चौदा वर्षं जुनं विमान, एक नवा डोळा, आणि ते दोन्ही एकमेकांशी बोलतील असं करणारी माणसं. तिसरी गोष्ट कुठल्याच करारात लिहून येत नाही.

महागपणा वाढतो कसा हे पण दाखव सेमिनारमधे, ते गणित सोपं आहे. अमेरिकेने एफ-२२ ची ७५० विमानं बनवायची म्हणून सुरुवात केली, वापरात आली १८७. संशोधनाचा खर्च तर झालेलाच, तो कमी विमानांवर वाटला गेला, प्रत्येक विमान महाग झालं, महाग झालं म्हणून अजून कमी घेतली. ते फिरत राहतं चक्र. आणि त्या विमानाने हवेत पहिली शिकार कशाची केली माहितीये? २०२३ च्या फेब्रुवारीत एका चिनी फुग्याची! हसलो होतो आम्ही सगळे. पण मग आठवलं की आपण १२६ विमानांचं टेंडर २००७ ला काढलं, राफेल २०१२ ला निवडलं, ते सगळं २०१५ ला गुंडाळलं आणि शेवटी ३६ घेतली. इकडे मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. हसणं बंद झालं. मला विचारशील तर आपल्याला सगळ्यात महाग पडली ती राफेल नाही, ती मधली वर्षं. तुझ्या जागी मी असतो तर सेमिनारचा विषय तोच केला असता.

ड्रोनचं. तुझं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं फार बरोबर आहे. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकच्या टपात लपवलेले ११७ ड्रोन सोडून रशियाची लांब पल्ल्याची बॉम्बर जमिनीवरच जाळली, उघड्यावर उभी होती म्हणून. सप्टेंबरमधे पोलंडमधे वीसेक रशियन ड्रोन घुसले, त्यातले काही फोम-प्लायवूडचे, आणि ते पाडायला डच एफ-३५ उडाली. डास मारायला तोफ, तू लिहिलंयस ते बरोबर. पण त्याच जूनमधे इस्रायलची एफ-३५, एफ-१५, एफ-१६ विमानं इराणवर दिवसांमागून दिवस जात होती आणि त्यांचं एकही पायलटवालं विमान पडलं नाही, हे तू सोडून दिलंयस. जिथे समोरच्याचं आकाश मोडून काढता आलं तिथे विमान राजा, जिथे नाही आलं तिथे ते दूर उभं राहून लांबचा बाण मारतं. आपलं ऑपरेशन सिंदूर त्यातच बसतं. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल चौहान यांनी सिंगापूरला ३१ मे ला सरळ मान्य केलं की विमानं गेली, आकडा दिला नाही, आणि म्हणाले की का गेली हे महत्त्वाचं, चूक सुधारून दोन दिवसांनी पुन्हा उडालो आणि लांबून मारा केला. मला ते उत्तर पटलं, कारण लाइनवर आम्ही पण असंच विचारायचो, कोणाचं चुकलं ते नंतर, स्नॅग, म्हणजे बिघाड, काय होता ते आधी सांग. आणि युक्रेनच्या त्या ट्रकवरून धडा घ्यायचाच तर पक्क्या शेल्टरचा घे. एवढ्या महाग विमानाच्या डोक्यावर काँक्रीटचं छप्पर नसेल तर दोष विमानाचा कसा?

तेव्हा "वसूल होतो का" याला हो की नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. थोडी राफेलसारखी लागणार, बरीच तेजससारखी लागणार, आणि ड्रोन पोत्याने लागणार. तेजसची तर गोष्टच बघ, ८३ मार्क-१ए ची ऑर्डर २०२१ ची, आणि पहिलं एफ-४०४ इंजिन अमेरिकेहून आलं २०२५ च्या मार्चमधे. विमान आपलं, इंजिन दुसऱ्याचं.

नोकरीचं विचारलंस त्यावर, ड्रोनवाल्यांकडे जायचंय तर बिनधास्त जा, पगार बरा आहे आणि शिकायला पण मिळेल. फक्त डिझाइनच्या एसी खोलीत बसायच्या आधी सहा महिने तरी दुरुस्तीच्या शेडमधे काढ. हात काळे होऊ देत. एखादा बोल्ट असा कोपऱ्यात असतो की तो बसवणाऱ्याने कधी काढून बघितलेला नसतो हे तुला तिथेच कळेल, आणि एका बोल्टपायी दोन तासांचं काम दोन दिवसांवर कसं जातं ते पण. इंजिनाच्या धातूंकडे वळता आलं तर सोन्याहून पिवळं, त्या माणसांची आपल्याकडे खरी चणचण आहे.

सेमिनार वीस तारखेला ना? त्याआधी रविवारी ये, काकू मांडे करणार आहे. येताना दुसऱ्या स्लाइडवरचा १६४० खोडून ये, आणि तिथे एक तक्ता टाक, किती घेतली, किती उडतात, आणि एक तास उडवायला किती माणसं किती तास राबतात. तिसरा रकाना तुला भरता येणार नाही, तो मी सांगतो बसून.

तुझे,
ओझरचे काका