दोन पंखांचं विमान नक्की कुठं तोलायचं?

प्रश्न : आतापर्यंत एकपंखी मॉडेलच उडवली, तिथं पंखाच्या रुंदीच्या पाव भागावर बोटं लावून तोल बघायचो. आता बायप्लेन बांधलंय. दोन्ही पंख सरळ, सारख्या लांबीचे, २० सेंमी रुंद, पण वरचा पंख खालच्यापेक्षा ६ सेंमी पुढं आहे. प्लॅनवर सीजीची, म्हणजे गुरुत्वमध्याची, खूणच नाही. पाव भाग कुठल्या पंखाचा धरू? शिवाय खालच्या पंखाखाली बोटं लावली की विमान उलटायलाच बघतं.

उत्तर : एकट्या कुठल्याच पंखाचा धरू नका. दोघांच्या मधे एकच काल्पनिक पंख आहे असं समजा. तुमचे पंख सारखे आहेत, म्हणजे त्या पंखाची पुढची कड दोन्ही कडांच्या बरोबर मध्यावर, वरच्या पंखाच्या कडेपासून ३ सेंमी मागं. तिथून २० चा पाव भाग म्हणजे ५ सेंमी, एकूण झाले ८. वरचा पंख खालच्यापेक्षा जरा जास्तच भार उचलतो, म्हणून पहिल्या उड्डाणाला ७ ते ८ च्या मधे ठेवा, मागं अजिबात नको. खालच्याच पंखाचा पाव भाग धरला असता तर सीजी ११ सेंमीवर गेला असता आणि असं विमान हातात राहत नाही हो, टेकऑफलाच नाक वर करून पडतं.

खालचा पंख लहान असेल तर मध्य धरायचा नाही, एकूण क्षेत्रफळात त्याचा वाटा जितका तितकंच मागं सरकायचं. वाटा ४० टक्के असेल तर ६ सेंमीचे ४० टक्के, म्हणजे २.४ सेंमी. पंख मागं वळलेले असतील तर माप मुळाशी, म्हणजे पंख धडाला जोडतो तिथं, घेऊ नका, पंख सरळ कडांचा आणि एकसारख्या रुंदीचा असेल तर मूळ आणि टोक यांच्या मध्यावर घ्या. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानात असंच आहे, पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसकट बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढं नेला आणि तोल राखायला पंख मागं वळवले, त्यामुळे मुळाशी मोजलं की आकडा फसवतो.

हे ६ सेंमी कसे मोजलेत तेही एकदा तपासा. विमान शेपटीवर टेकून उभं असतं तेव्हा नाक वर असतं, वरचा पंख मागं गेल्यासारखा दिसतो, दोन पंखांत २० सेंमी अंतर आणि कल १० अंश असला तर माप साडेतीन सेंमीनं चुकतं. आधी शेपटीखाली काहीतरी ठेवून आडवी शेपटी समतल करा, मग वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून मोजा.

आता तोलायचं. बोटं खाली आणि वजन वर असलं की ते उलटणारच, म्हणून बायप्लेन टांगायचं. वरच्या पंखावर धडाच्या दोन्ही बाजूंना सीजीच्या खुणेशी दोरा बांधा आणि उचला. बॅटरी, प्रोपेलर, पायलटचा पुतळा सगळं जागेवर हवं, इंजिनवालं असेल तर टाकी रिकामी. धड समतल किंवा नाक किंचित खाली राहिलं की झालं.

प्रश्न : शेपूट जड निघाली तर नाकात किती वजन घालू?

उत्तर : आधी बॅटरी सरकवून बघा. समजा विमान १२०० ग्रॅमचं, सीजी १ सेंमी मागं, तर २०० ग्रॅमची बॅटरी ६ सेंमी पुढं न्यावी लागते. तेवढी जागा नसेल तर सीजीपासून २५ सेंमी पुढं ४८ ग्रॅम शिसं लागेल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची नाकं आखूड, त्यामुळे कॅमलसारख्या मॉडेलला बहुतेक वेळा शिसं घालावंच लागतं, म्हणून शेपटीकडचं लाकूड, रंग, कापड सगळं हलकं ठेवा, तिकडचा एक ग्रॅम पुढं दोन-तीन ग्रॅमला पडतो.

उडवल्यावर पुरेशा उंचीवर रिमोटच्या स्टिकला हात न लावता सरळ उडेल असं ट्रिम करा, थोडं नाक खाली घालून स्टिक सोडा. झटकन वर आलं तर नाक जड. स्वतःहून अजून खाली घुसायला लागलं तर शेपूट जड, लगेच उतरवा आणि बॅटरी ५ मिमी पुढं घ्या.